दिंडी अंगावरून जाते: चार चॅनेलच्या एका फाईलचं प्रकरण

"दिंडी माझ्या अंगावरून जाते रे. समोरून येते आणि पाठीतून बाहेर पडते. वारीत असं कधी होत नाही."

मावशीने फोनवर सांगितलेल्या या तीन वाक्यांत बिघाडाचं पूर्ण वर्णन होतं. ते मला कळलं दुसऱ्या दिवशी, कऱ्हाडला तिच्या घरी फाईल उलगडून पाहिल्यावर. मल्टिचॅनेल फाईल (जिच्यात आवाजाचे दोनांहून जास्त स्वतंत्र चॅनेल असतात) घरच्या कॉम्प्युटरवर वाजवताना लोक काय काय करून पाहतात आणि खरी अडचण कुठे असते, हे या एका प्रकरणात जवळजवळ सगळं आलं आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो.

मावशी एकोणीस वर्षं माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालली. दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर वारी थांबली. टीव्हीवर वारी दिसते, पण तिचं म्हणणं असं की टीव्हीत दिंडीचा आवाज एका खिडकीतून आल्यासारखा वाटतो. म्हणून धाकट्या मुलाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, मित्राकडून चार कॅप्सूलचा, म्हणजे चार बारीक मायक्रोफोनचा, छोटा रेकॉर्डर मागून घेतला आणि सासवड-जेजुरीच्या वाटेवर रस्त्याच्या कडेला स्टँड लावून ३८ मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. रेकॉर्डरचं तोंड रस्त्याकडे, वाऱ्यासाठी वर केसाळ टोपी, मागे डाव्या हाताला वारकऱ्यांना पाणी देणाऱ्यांचं टेबल. दिंड्या डावीकडून येत होत्या आणि उजवीकडे जात होत्या. ही जागेची माहिती पुढे फार उपयोगी पडली. रेकॉर्डिंग करणाऱ्याने एवढं तरी लक्षात ठेवावंच.

फाईल वेव्ह, चार चॅनेल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. हिशोब सोपा आहे: ४८,००० नमुने गुणिले ३ बाइट गुणिले ४ चॅनेल, म्हणजे सेकंदाला ५,७६,००० बाइट, मिनिटाला साडेचौतीस एमबी. सगळी मिळून १.३ जीबी.

घरातला कॉम्प्युटर साधा, विंडोजचा. मदरबोर्डला मागे रंगीत जॅक. स्पीकर ५.१चा जुना संच: पाच छोटे स्पीकर, खर्जासाठी एक सबवूफर आणि तीन वायरी. हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची, केशरी मधल्या स्पीकरची आणि सबवूफरची.

मी पोचण्याआधी काय काय झालं होतं

भावाने आधी फाईलची एमपी३ करून आईच्या मोबाईलवर दिली. नेहमीच्या एमपी३मध्ये दोनच चॅनेल मावतात, तेव्हा तिथेच अर्धी वारी गेली. मग मूळ फाईल कॉम्प्युटरवर लावली, तर आवाज फक्त पुढच्या दोन स्पीकरमधून. कारण विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये स्पीकर 'स्टिरिओ' म्हणूनच नोंदलेले होते. संच सहा स्पीकरचा असला तरी विंडोजला ते सांगावं लागतं, नाहीतर ते सगळे चॅनेल दोनांत कालवून देतं. हे त्याने शोधून काढलं आणि ५.१ निवडलं.

आता सगळीकडून आवाज यायला लागला, पण विचित्र. पुढचा डावा स्पीकर सतत सगळ्यात मोठा. मधल्या स्पीकरमधून काहीतरी अगदी बारीक. आणि मागच्या दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज, तोही दिंडी नेमकी समोर आली की सर्वांत मोठा. मावशीने त्यालाही विचारलं होतं, "समोरची दिंडी मागून का वाजते?"

त्याने वाचन केलं. ही साधी चार स्पीकरची फाईल नसून 'अ‍ॅम्बिसॉनिक' फाईल आहे, ती उलगडून स्पीकरला द्यावी लागते, हे त्याला कळलं. कोणत्या स्पीकरला कोणता चॅनेल किती द्यायचा हे सांगणारा गुणकांचा तक्ता कुठल्याशा जुन्या लेखातून घेऊन त्याने चार चॅनेल मिसळले. काम चिकाटीचं होतं आणि विचार बरोबर होता. पण त्यानंतरच दिंडी मावशीच्या अंगावरून जायला लागली. तेव्हा तो दुकानात गेला. दुकानदाराने सांगितलं की हा संच टाकून द्या, ऍटमॉसचा (डॉल्बीच्या त्रिमित आवाजाच्या पद्धतीचा) साउंडबार घ्या. तिथे मला फोन आला.

साउंडबारचा सल्ला या फाईलसाठी निरुपयोगी होता. ऍटमॉसची रचना वेगळी, अ‍ॅम्बिसॉनिकची वेगळी. कॉम्प्युटरमधून या चार चॅनेलची कच्ची फाईल साउंडबारला पाठवली असती, तर तिचा अर्थ त्यालाही लागला नसता.

आधी वायरी

मी कुठेही गेलो तरी फाईलला हात लावण्याआधी स्पीकर एकेक करून वाजवतो. विंडोजच्या स्पीकर सेटिंगमध्ये टेस्टचं बटण आहे. स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारली की तोच स्पीकर वाजला पाहिजे. इथे पुढचे दोन, मधला आणि सबवूफर बरोबर होते. मागचा डावा दाबला तर उजवा वाजला. लांब वायरी पलंगामागून नेताना अदलाबदल झाली होती.

पण ही चूक इतके दिवस कुणाच्या लक्षात आली नव्हती, मावशीच्या कानालाही नाही. भावाच्या तक्त्याने वाजवलेल्या आवाजात डावं-उजवं उरलंच नव्हतं, त्यामुळे मागचे दोन स्पीकर बदलले तरी फरक ऐकू येणं शक्य नव्हतं. एका दोषाने दुसरा झाकून ठेवला होता. वायर बदलली आणि दोन्ही टोकांना कागदाची चिकटपट्टी लावून 'मागे डावा', 'मागे उजवा' लिहिलं.

टँकरचा हॉर्न

अ‍ॅम्बिसॉनिक ही कल्पना १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये मायकेल गर्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तिच्यात चॅनेल म्हणजे स्पीकर नव्हे. चार चॅनेलमध्ये एका बिंदूभोवतीच्या आवाजाचं वर्णन असतं. डब्ल्यू म्हणजे सगळीकडून आलेला आवाज एकत्र. एक्स म्हणजे पुढे आणि मागे यांतला फरक, वाय म्हणजे डावं आणि उजवं यांतला, झेड म्हणजे वर आणि खाली यांतला. यांच्या बेरजा-वजाबाक्या केल्या की हव्या त्या दिशेला तोंड केलेला मायक्रोफोन हिशोबाने तयार होतो. स्पीकर चार असोत की आठ, प्रत्येकासाठी वेगळी बेरीज. मला ही पद्धत फार आवडते. रेकॉर्डिंग करणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या घरात किती स्पीकर आहेत हे ठाऊक असायची गरज राहत नाही.

अडचण अशी की हे चार चॅनेल फाईलमध्ये कोणत्या क्रमाने ठेवायचे, याच्या दोन चालीरीती आहेत. जुनी फर्स आणि मॅलहॅम यांच्या नावावरून 'फ्यूमा': डब्ल्यू, एक्स, वाय, झेड. नवी 'अ‍ॅम्बिएक्स', २०११मध्ये मांडलेली: डब्ल्यू, वाय, झेड, एक्स. यूट्यूबच्या ३६० अंशांच्या व्हिडिओंना हीच लागते. शिवाय फ्यूमात डब्ल्यूची पातळी मुद्दाम ३ डेसिबलने कमी ठेवलेली असते, अ‍ॅम्बिएक्समध्ये तशी नसते. बरेच रेकॉर्डर दोन्हींत लिहू शकतात. मित्राच्या रेकॉर्डरचं सेटिंग काय होतं हे भावाला आठवत नव्हतं, रेकॉर्डर परत गेला होता आणि फाईलच्या नावात तारखेशिवाय काही नव्हतं.

मग फाईललाच विचारायचं ठरवलं. त्यासाठी एक असा आवाज हवा, जो लहान जागेतून येतो आणि ज्याचा रस्ता आपल्याला ठाऊक आहे. दिंडी त्या कामाची नाही. ती लांबलचक असते आणि एकाच वेळी डावीकडेही असते, उजवीकडेही. अकराव्या मिनिटाला ते साधन सापडलं. दिंडीमागच्या पाण्याच्या टँकरने तीनदा हॉर्न दिला होता. एकदा येताना, एकदा ऐन समोर, एकदा पुढे गेल्यावर. भाऊ तिथेच उभा होता, त्याला ते नीट आठवत होतं.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फाईल उघडली. चारही चॅनेल एकाखाली एक पट्ट्यांसारखे दिसतात. तो तुकडा मोठा करून चौघांनी, म्हणजे मी, भाऊ, वहिनी आणि चष्मा लावून मावशीने, पाहिला. पहिल्या पट्टीत तिन्ही हॉर्न होते, मधला सर्वांत मोठा, कारण तेव्हा टँकर सर्वांत जवळ होता. दुसऱ्या पट्टीत पहिला आणि तिसरा हॉर्न ठसठशीत, मधला जवळजवळ सपाट. तिसऱ्या पट्टीत तिन्ही वेळा थोडंसंच काही. चौथ्या पट्टीत उलटं: मधला हॉर्न उंच, कडेचे दोन बसके.

याहून स्पष्ट साक्ष मिळत नाही. टँकर ऐन समोर असताना जी पट्टी गप्प होते, ती डाव्या-उजव्याची, म्हणजे वाय. जी तेव्हाच बोलते ती पुढच्या-मागच्याची, एक्स. तर क्रम डब्ल्यू, वाय, झेड, एक्स. फाईल अ‍ॅम्बिएक्स होती आणि भावाचा तक्ता फ्यूमाचा होता. खात्रीसाठी पहिली आणि दुसरी पट्टी एकत्र वाजवली. डावीकडचा हॉर्न वाढला, उजवीकडचा दबला. म्हणजे वाय डावीकडे धन आहे, उलटसुलट नाही.

आता मावशीच्या तीन वाक्यांकडे परत जाऊ. भावाच्या तक्त्याने दुसऱ्या चॅनेलला एक्स समजलं, पण तो होता वाय. त्यामुळे डावीकडची दिंडी समोर वाजली आणि उजवीकडे गेलेली दिंडी मागे वाजली. तिसऱ्याला वाय समजलं, पण तो होता वर-खालीचा झेड आणि रस्त्यावरच्या आवाजात त्याच्यात फारसं काही नसतं. म्हणून डावे आणि उजवे स्पीकर सारखेच वाजले. खरा एक्स चौथा होता, तो चार स्पीकरच्या सपाट मांडणीत झेड म्हणून टाकूनच दिला गेला. दिंडी प्रत्यक्षात समोर असताना वाय शून्याजवळ, म्हणून उरला फक्त डब्ल्यू, तोही चारही स्पीकरमधून अगदी एका मापाने. चारी बाजूंनी सारखा आवाज आला की तो आपल्या शरीरातच आहे असं वाटतं. समोरून येते, अंगावरून जाते, पाठीतून बाहेर पडते. मावशीने एकही शब्द अंदाजाने वापरला नव्हता. एकोणीस वर्षं जिने दिंडी कानाने ओळखली आहे, तिची तक्रार मोजमापाइतकीच पक्की असते.

त्याआधीच्या प्रयोगाचाही उलगडा झाला. वेव्ह फाईलमध्ये कोणता चॅनेल कोणत्या स्पीकरचा हे सांगणारी नोंद असू शकते. या फाईलमध्ये ती नव्हती. अशा वेळी प्लेअर अंदाज बांधतो. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरवर चालणारे बरेच प्लेअर चार चॅनेल दिसले की त्यांना '४.०' समजतात, आणि तिथे ४.०चा अर्थ पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला आणि मागचा मधला असा आहे. चार कोपऱ्यांच्या मांडणीला त्यांच्या भाषेत 'क्वाड' म्हणतात. मागचा मधला स्पीकर ५.१मध्ये नसतो, म्हणून तो चॅनेल मागच्या दोघांत वाटला गेला. चौथा चॅनेल एक्स, आणि एक्स समोरच्या आवाजाला सर्वांत जास्त बोलतो. समोरची दिंडी मागून वाजण्याचं कारण एवढंच.

नवा तक्ता

मी चार कोपऱ्यांना तोंड केलेले चार हिशोबी मायक्रोफोन धरले. प्रत्येक स्पीकरला डब्ल्यूचा ०.५ हिस्सा. त्यात पुढच्यांसाठी एक्स ०.३५ मिळवायचा, मागच्यांसाठी तेवढाच वजा करायचा. डाव्यांसाठी वाय ०.३५ मिळवायचा, उजव्यांसाठी वजा. झेड सोडून दिला. जुन्या तक्त्यात डब्ल्यूला ०.७१ होतं. फ्यूमाची ३ डेसिबलची घट भरून काढण्यासाठी ते योग्यच आहे, पण अ‍ॅम्बिएक्स फाईलला तेच लावलं तर सगळीकडचा आवाज जास्त होतो आणि दिशा पुसट होते. म्हणजे नुसता क्रम सुधारून भागलं नसतं.

हे गुणक एफएफएमपेगच्या, चॅनेल मिसळणाऱ्या पॅन फिल्टरमध्ये भरले आणि सहा चॅनेलची नवी फ्लॅक फाईल (आवाजातलं काही न गमावता आकार कमी करणारी) बनवली. ज्यांना आकडे भरायचे नाहीत त्यांच्यासाठी ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या आयईएम संस्थेची मोफत प्लगइन (ऑडिओ प्रोग्रॅमला जोडायचे छोटे भाग) आहेत, त्यांत चॅनेल उलगडून स्पीकरला देणारा डिकोडर तयार मिळतो. मी घरच्यांसाठी तयार फाईल पसंत करतो. मावशीला प्लगइन उघडायला लावायचं नाही. तिने डेस्कटॉपवरच्या फाईलवर दोनदा टिचकी मारली की वारी सुरू झाली पाहिजे.

फ्लॅकमध्ये सहा चॅनेलचा क्रम ठरलेला आहे: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, सबवूफरचा, मागचा डावा, मागचा उजवा. जाता जाता एक सांगतो. सिनेमाच्या स्टुडिओतून आलेल्या सहा सुट्या चॅनेलचा क्रम पुष्कळदा डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, सबवूफर असा असतो. तो तसाच फ्लॅकमध्ये भरला तर संवाद उजव्या स्पीकरमधून येतात आणि मागचा डावा चॅनेल सबवूफरमध्ये जाऊन गडप होतो. लक्षण वेगळं, रोग तोच.

मधला चॅनेल मी रिकामा ठेवला. सबवूफरचा चॅनेल मात्र रिकामा ठेवता आला नाही. पहिल्यांदा ठेवला होता. मावशी ऐकून म्हणाली, "टाळ छान आहेत. पखवाजाला धुमच नाही." पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा खर्ज मुठीएवढ्या स्पीकरमधून निघत नाही. संच तीन वायरींवर असताना सबवूफर फक्त केशरी वायरीतून आलेलं वाजवत होता, इतर स्पीकरमधला खर्ज आपणहून उचलत नव्हता. म्हणून डब्ल्यूच १०० हर्ट्झच्या खाली गाळून त्या चॅनेलमध्ये घातला. पातळी कानाने लावली, पखवाज पुढच्या दोन स्पीकरच्या मध्ये उभा राहील इतपत. जास्त केली की खिडकीची काच थरथरते आणि मग पखवाजाऐवजी काच ऐकू येते.

पलंग

एवढं करूनही दिंडी मागच्या भिंतीकडे ओढल्यासारखी वाटत होती. पलंग भिंतीला टेकलेला, मागचे स्पीकर मावशीच्या डोक्यापासून हातभरावर. जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो आणि जो आधी पोचतो त्याच्याकडे कान दिशा नेतो. पलंग दोन फूट पुढे ओढला, मागचे स्पीकर भिंतीला लावले. आता पुढचे स्पीकर कानापासून अडीच मीटरवर आणि मागचे १.१ मीटरवर. फरक १.४ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, तेव्हा हे अंतर ४ मिलिसेकंदांचं. मागच्या दोन चॅनेलना तेवढा उशीर दिला आणि त्यांचा आवाज थोडा कमी केला. मांडणी अगदी चौरस नाही. खोलीत एका बाजूला कपाट आहे, ते हलत नाही.

चार चॅनेलच्या अ‍ॅम्बिसॉनिकची एक मर्यादा मी त्यांना आधीच सांगितली होती. दिशा नीट कळते ती मधल्या एका जागी बसलेल्यालाच. भाऊ पलंगाच्या कडेला बसला तर त्याला दिंडी जवळच्या स्पीकरमध्ये गोळा झालेली ऐकू येते. ही मांडणी एका माणसासाठी आहे, आणि ती माणूस ठरलेली होती.

संध्याकाळी पूर्ण फाईल लावली. मावशी पलंगावर पाय सोडून बसली, डोळे मिटून. टाळ डावीकडून आले, समोर पसरले, उजवीकडे पातळ होत गेले. टँकरचे तीन हॉर्न आले तेव्हा तिची मान प्रत्येक वेळी बरोबर तिकडे गेली. बाविसाव्या मिनिटाला पाण्याच्या टेबलावरचा मुलगा ओरडला, "माऊली, पाणी घ्या, माऊली!" आदल्या फाईलमध्ये हा आवाज समोर, दिंडीतच मिसळलेला होता. आता तो मागून डावीकडून आला, आणि मावशीने डोळे उघडून मागे वळून पाहिलं.

"आता ती शेजारून गेली," ती म्हणाली.

झेड चॅनेल या घरात वाजत नाही. छताला स्पीकर लावले तर उद्या वाजेल. म्हणून मूळ फाईल तशीच, न बदलता, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवली आणि सोबत एका मजकूर फाईलमध्ये लिहिलं: अ‍ॅम्बिएक्स, क्रम डब्ल्यू, वाय, झेड, एक्स. तोंड रस्त्याकडे. दिंड्या डावीकडून उजवीकडे. पाण्याचं टेबल मागे डावीकडे. ११व्या मिनिटाला टँकर. पुढच्या वारीत भाऊ रेकॉर्ड बटण दाबल्यावर स्टँडभोवती एक फेरी मारणार आहे आणि प्रत्येक बाजूला थांबून मोठ्याने सांगणार आहे: समोर, डावीकडे, मागे, उजवीकडे. शेवटी हात वर करून एक टाळी, 'वर' म्हणून.